पॅकेजवर सही नंतर, आधी भाऊंची तपासणी

प्रश्न : आम्ही चोपडा तालुक्यातले. लग्नाला पाच वर्षं झाली. मी ३१, हे ३४. मूल नाही. माझी सोनोग्राफी, थायरॉइड, गर्भनलिकांचा एक्स-रे असं सगळं झालं आणि डॉक्टरांच्या मते ठीक आहे. शहरातल्या एका केंद्राने तीन वेळच्या आयव्हीएफचं (टेस्ट ट्यूब बेबी उपचाराचं) ४ लाख ८० हजारांचं पॅकेज सांगितलंय, हप्त्यांची सोयही आहे. मला खासगी शाळेत १८ हजार पगार आहे. २ लाख ४० हजारांची एफडी, माहेरचं पाच तोळे सोनं, आणि चार एकर केळी-कापूस. त्यावर दीड लाखाचं पीककर्ज. सोनं मोडू, हप्ते घेऊ, की सासरे म्हणतात तशी थोडी जमीन विकू?

उत्तर : ताई, हे भाऊंना, म्हणजे तुमच्या यजमानांना, शेजारी बसवून वाचा. तुमच्या पत्रात तुमच्या तपासण्या आहेत, त्यांची एकही नाही. झाली असती तर तुम्ही लिहिलीच असती. मूल न होण्यामागे पुरुषाकडचं कारण असणं किंवा दोघांकडचं मिळून असणं हे मुळीच दुर्मीळ नाही. तरी आपल्याकडे दवाखान्याच्या चकरा सुनेच्या, कानबाईला नवस सुनेचा आणि पाहुण्यांचे प्रश्नही तिलाच. माझं काम पैशाचं आहे, आणि पैशाच्या नजरेनेही हे चूक आहे. पाच लाखांच्या निर्णयाआधी हजार-दीड हजारांची वीर्यतपासणी राहून गेली आहे. दोन ते सात दिवसांचा संयम ठेवून नमुना द्यायचा असतो, बस्स. जळगाव किंवा धुळ्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आधी चौकशी करा, तिथे खर्च आणखी कमी होईल.

रिपोर्टमध्ये काही कमी निघालं तर लगेच घाबरू नका. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, म्हणून डॉक्टर बहुधा औषधं देऊन, तंबाखू-गुटखा बंद करायला सांगून तीनेक महिन्यांनी पुन्हा तपासतात. कधी अंडकोषाजवळच्या फुगलेल्या शिरांवर उपचार होतो. कधी आययूआयने, म्हणजे शुक्राणू थेट गर्भाशयात सोडून, काम होतं, त्याचा खर्च आयव्हीएफच्या मानाने फारच थोडा. आणि कधी थेट आयव्हीएफच योग्य ठरतं. मग ते जरूर करा, पण कारण माहीत असताना करा. तुमच्या वयाला तीन-चार महिने थांबल्याने बिघडत नाही. तीन-चार वर्षं मात्र घालवू नका, पस्तिशीनंतर शक्यता वेगाने उतरते.

आता तुमचे तीन पर्याय. हप्ते मला मान्य नाहीत. १५ टक्के दराने दोन वर्षांचं कर्ज धरलं तर महिन्याला सुमारे २३,३०० रुपये, तुमच्या पगाराहून जास्त. उरलेले कापसातून भरू म्हणाल, पण कापसाच्या पैशावर पीककर्जाचा पहिला हक्क आहे. ते मुदतीत फेडलं तरच व्याजाची सवलत मिळते. जमीन विकू नका. शेत एकदा गेलं की परत येत नाही, आणि उपचार अपुरा पडला तर दोष पुन्हा तुमच्याच माथी येईल, ही मला खरी भीती वाटते.

सोन्याबद्दल स्पष्ट बोलतो. ते तुमचं स्त्रीधन आहे. त्यावर फक्त तुमचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्येही पुन्हा सांगितलंय. मूल दोघांचं, खर्चही दोघांचा. मग तुमच्या एकटीच्या नावावरची एकमेव पुंजी सगळ्यात आधी का मोडायची? अगदीच अडलं तर बँकेत तारण ठेवा, विकू नका.

माझा हिशेब असा : एफडीतले ७० हजार अडीअडचणीला हातही न लावता ठेवायचे. उरतात १ लाख ७० हजार. तपासण्यांच्या काळात महिन्याला आठ हजार बाजूला काढले तर सहा महिन्यांत ४८ हजार. कापूस विकून पीककर्ज फिटल्यावर उरेल त्यातून भाऊंनी तीस-चाळीस हजार घालावेत. झाले अडीच लाख. औषधांसह एका प्रयत्नाला साधारण दीड ते अडीच लाख लागतात, म्हणजे एक प्रयत्न कर्जाशिवाय होतो. एक झाला की थांबून डॉक्टरांशी बोला, मगच दुसरा. एकूण किती रक्कम घालायची तो आकडा आजच, मन शांत असताना, दोघांनी वहीत लिहा. दत्तकाचा विचार मनात असेल तर त्याबद्दलही आत्ताच बोला. कारा या केंद्रीय संस्थेच्या पोर्टलवर नोंदणी होते आणि प्रतीक्षा वर्षानुवर्षांची असते.

विम्यावर विसंबू नका. बहुतेक आरोग्य पॉलिसींत वंध्यत्वाचा उपचार वगळलेला असतो. शाळेचा गट विमा असेल तर कागद तपासा, एवढंच.

केंद्रात जाल तेव्हा अशा उपचार केंद्रांसाठीच्या २०२१ च्या एआरटी कायद्याखालचं नोंदणी प्रमाणपत्र बघायला मागा. पॅकेजमध्ये इंजेक्शनं धरली आहेत का? गोठवलेला गर्भ ठेवायचं वर्षाचं भाडं किती? पहिल्याच वेळी गर्भ राहिला तर उरलेल्या दोन प्रयत्नांचे पैसे परत मिळतात का? उत्तरं लेखी घ्या. आणि गर्भधारणेची खात्री देणाऱ्याकडून तर उठूनच या, अशी खात्री कोणीच देऊ शकत नाही.

भाऊंचा रिपोर्ट आला की मला कळवा, मग आकडे पुन्हा मांडू. तोवर हप्त्याच्या कागदावर सही करू नका.