दोन बॅगा घेऊन आलेले बाबा आणि एपुशवाली लेक

न्यू जर्सीहून एका आईनं लिहिलंय: "ताई, लेक अकरावीत आहे, शाळेत एपुश घेतलंय, म्हणजे अमेरिकन हिस्ट्रीचा तो एपी कोर्स, शाळेतच कॉलेजच्या पातळीचा. तेव्हापासून रोज जेवताना भांडण. तिचं म्हणणं, हा देश गुलामांच्या घामावर उभा राहिला आणि आपण आयत्या बिळावर नागोबा. हे म्हणतात, मी दोन बॅगा घेऊन आलो, कुणी काही फुकट दिलं नाही, जे केलं ते मेहनतीनं. मी मधे बसून पोळ्या वाढते. एखादं पुस्तक सुचवा की दोघं गप्प बसतील."

गप्प बसवणारं पुस्तक मला तरी माहीत नाही हो, आणि असलं तरी सुचवणार नाही, कारण सोळा वर्षांची मुलगी बापाशी फोनवरच्या रील्सबद्दल न भांडता इतिहासाबद्दल भांडतेय ही कितीतरी घरांमध्ये हेवा वाटावी अशी गोष्ट आहे. पण अमेरिकेबद्दलचं कुठलं पुस्तक घरात उपयोगी पडलं हे मी मागे वाचकांना विचारलं होतं, त्याची उत्तरं आलीत, तीही इथेच घेते.

आधी भांडणाबद्दल. दोघंही खरं बोलतायत, फक्त दोघांनीही १९६५ सोडून दिलंय, म्हणजे आपल्याला अमेरिकेचं दार उघडलं ते साल. त्याच्या आधी काय होतं बघा. १९२३ साली भगतसिंग थिंड नावाचा माणूस, पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होता, सुप्रीम कोर्टात म्हणाला की मी उच्चवर्णीय आर्य आहे म्हणजे गोराच, मला नागरिकत्व द्या. कोर्ट म्हणालं, सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो त्यात तू बसत नाहीस. नुसतं त्याचंच नाही, ज्यांना आधी मिळालं होतं अशा भारतीयांचंही नागरिकत्व काढून घ्यायला सुरुवात झाली. सॅन फ्रान्सिस्कोचे दुकानदार वैष्णोदास बगाई त्यातलेच, १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. मग १९४६ ला कायदा बदलून भारतीयांना नागरिकत्व खुलं झालं, पण इथे यायचा कोटा किती, तर भारतीयांना वर्षाला १००. खरं दार उघडलं ते १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानं, आणि तो काही आभाळातून पडला नाही, १९६४ चा सिव्हिल राइट्स कायदा, १९६५ चा मतदान हक्काचा कायदा, त्याच लाटेत तो आला. ती लाट आणली कुणी, तर रस्त्यावर मार खाणाऱ्या ब्लॅक लोकांनी. हे लेकीनं बाबांना सांगावं. आणि बाबांनी लेकीला हे सांगावं की दार उघडलं तरी आत येऊन परक्या गावात उभं राहणं सोपं नव्हतं. एरिका ली यांचं 'द मेकिंग ऑफ एशियन अमेरिका' (२०१५) यासाठी चांगलं, भारतीयांवर स्वतंत्र भाग आहे त्यात.

फक्त बाबांसाठी अजून एक आहे, 'द अदर वन पर्सेंट', २०१६ चं. जरा आकडेवारीचं, पण इंजिनियर माणसाला आकडे गोडच लागतात. मुद्दा असा की इथे आलेले भारतीय हे भारताचा नमुना नाहीतच. आधी तिथल्या समाजरचनेनं कुणाला शिकायला मिळणार ते निवडलं, मग परीक्षांनी निवडलं, मग व्हिसानं निवडलं. मेहनत खोटी नाही, पण चाळणी त्याआधी लागलेली होती.

आता वाचकांची उत्तरं. सगळ्यात जास्त आली ती इझाबेल विल्करसन यांच्या 'कास्ट' (२०२०) वर, अमेरिकेतला वर्णभेद ही आपल्यासारखी जातव्यवस्थाच आहे असं म्हणणारं पुस्तक, आणि त्यावरून नुसती धुमश्चक्री. बे एरियातल्या एक बाई म्हणतात प्रत्येक भारतीय घरात हवंच. डॅलसचे एक काका म्हणतात आपली बदनामी आहे, अर्धं वाचून ठेवून दिलं. आणि बॉस्टनजवळच्या एकीनं दोनच ओळी लिहिल्या, की आम्हाला हा विषय कळायला पुस्तक लागलं नाही, मंडळाच्या पिकनिकला पोहे हातात घेतानाच आडनाव विचारतात आणि मग गाव विचारतात. काकांनी या दोन ओळी परत वाचाव्यात असं मला वाटतं. माझं मत विचाराल तर पुस्तकातला अमेरिकेचा भाग जबरदस्त, भारताचा भाग पातळ. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला त्यात नवीन फार मिळत नाही, त्यानं सरळ बाबासाहेबांचं 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' वाचावं, तेही १९१३ ते १६ न्यूयॉर्कला कोलंबियातच होते. आणि हा धागा त्याहून जुना आहे बरं का, जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत गुलामी मोडणाऱ्या लोकांनाच.

तरी जेवणाच्या टेबलावर 'कास्ट'नं सुरुवात नका करू. पहिल्या दहा मिनिटांत सगळे आपापलं आडनाव सांभाळायला लागतात आणि वाचन राहतं बाजूला. त्यापेक्षा विल्करसन यांचंच आधीचं घ्या, 'द वॉर्म्थ ऑफ अदर सन्स', २०१० चं. साधारण १९१५ ते १९७० या काळात दक्षिणेतून ६० लाख ब्लॅक माणसं उत्तरेला आणि पश्चिमेला गेली त्याची गोष्ट, आणि ती सांगितलीय तिघांमधून. मिसिसिपीतून शिकागोला गेलेली आयडा मे, फ्लोरिडातून न्यूयॉर्कला पळालेला जॉर्ज आणि लुइझियानातून लॉस एंजेलिसला निघालेला डॉक्टर रॉबर्ट फॉस्टर. हा डॉक्टर एकटा गाडी चालवत वाळवंटातून चाललाय, डोळे मिटतायत, आणि एकामागून एक मोटेलवाले त्याला खोली नाही म्हणतायत, ते वाचताना तुमचे हे नक्की थांबतील. पुढे तो पैसा कमावतो, मोठं घर घेतो, आणि तरी आयुष्यभर गावाकडच्यांना आणि सासऱ्यांना दाखवून देण्याच्या नादात असतो. आपल्यातले असे किमान चार जण तुम्हाला लगेच आठवतील. घर सोडणं, गावी पत्रं, मुलांना गावची भाषा न येणं, हे सगळं त्यात आहे, फरक एवढाच की ही माणसं आपल्याच देशात पळून जात होती. तो फरक लेकीला दाखवू द्या, बाबांना साम्य दिसेलच.

ओहायोहून एकांनी जे. डी. व्हान्स यांचं 'हिलबिली एलेजी' सुचवलंय, गरीब गोऱ्या घरातल्या बालपणाची आठवण. वाचा, पण एका घराची गोष्ट म्हणून वाचा, अख्ख्या अपॅलेशियाचा, म्हणजे पूर्वेकडच्या त्या डोंगराळ पट्ट्याचा, इतिहास म्हणून नको. गोऱ्या गरीब लोकांचा राग समजून घ्यायचा असेल तर मला आर्ली हॉकशील्ड यांचं 'स्ट्रेंजर्स इन देअर ओन लँड' (२०१६) जास्त आवडलं. बर्कलीची ही समाजशास्त्रज्ञ लुइझियानात जाऊन वर्षानुवर्षं त्या लोकांशी बोलली, घरामागचं पाणी केमिकल कंपन्यांनी नासवलंय तरी ते सरकारी नियमांच्याच विरोधात का, हे तिला समजून घ्यायचं होतं. त्यांच्या मनातली गोष्ट ती अशी मांडते की आपण डोंगर चढणाऱ्या एका लांब लाईनीत उभे आहोत, वर अमेरिकन ड्रीम आहे, लाईन हलत नाही, आणि कोणीतरी सारखं मधे घुसतंय. हे वाचून मला हसूच आलं, कारण ग्रीन कार्डच्या लाईनीत मुलं कॉलेजला जाईपर्यंत उभे राहिलेले आपले लोक, देशागणिक सात टक्क्यांच्या मर्यादेवर तासन्‌तास बोलणारे, आणि कोणी दुसऱ्या वाटेनं आधी आत गेला की चिडणारे, ह्यांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. गंमत एवढीच की त्या लुइझियानावाल्यांच्या गोष्टीत मधे घुसणारे आपण आहोत. हे प्रकरण दोघांनी मोठ्यानं वाचावं, आणि वाचताना बाबांनी नवऱ्या मुलासारखा चेहरा करून बसू नये.

हॉवर्ड झिन यांचं १९८० चं 'पीपल्स हिस्टरी', अमेरिकेचा इतिहास खालच्या माणसांच्या बाजूनं सांगणारं, लेकीनं वाचलेलंच असणार, तिचा आवाज तिथूनच चढलाय. चांगलं आहे पण एकाच बाजूनं खेचतं, सोबत जिल लेपोर यांचं 'दीज ट्रुथ्स' ठेवा. आणि घर घेताना स्कूल डिस्ट्रिक्टचं रेटिंग बघितलंत ना, सगळेच बघतो, तर मग रिचर्ड रॉथस्टीन यांचं 'द कलर ऑफ लॉ' (२०१७) वाचा, ब्लॅक वस्तीतल्या घरकर्जांना विमा न देणं हे केंद्र सरकारचं लेखी धोरण होतं हे त्यात कागदपत्रांसकट आहे. अशा वस्त्या धोक्याच्या म्हणून लाल रंगवलेले त्या काळचे नकाशेही ऑनलाइन फुकट बघायला मिळतात.

कोणीच सुचवलं नाही असं एक मी सुचवते, सहा महिन्यांसाठी आजी आल्या असतील तर त्यांच्यासाठी. पंडिता रमाबाई १८८६ ला आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभाला फिलाडेल्फियाला आल्या आणि जवळजवळ तीन वर्षं राहिल्या, परत जाऊन १८८९ मध्ये त्यांनी अमेरिकेवर अख्खं मराठी पुस्तक लिहिलं, 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त'. बायकांच्या संस्थांचं भरभरून कौतुक, पण मूळ रहिवाशांना आणि ब्लॅक लोकांना कसं वागवलं त्यावर बाई गप्प बसत नाहीत. मीरा कोसंबींनी केलेलं इंग्रजी भाषांतर आहे, ते लेकीला, मराठी आजींना.

बाकी पद्धत अशी ठेवा की जेवताना पुस्तक काढायचं नाही, रविवारी चहाला काढायचं, आणि एकानं दुसऱ्याचं पुस्तक वाचायचं, स्वतःचं नाही. 'वॉर्म्थ' ६०० पानांच्या वर आहे, ह्यांना वेळ नसेल तर लायब्ररी कार्डावर लिबी अ‍ॅपमधून ऑडिओ घ्या, वेटिंग असतं, आजच होल्ड टाका. आणि पोळ्या त्या दिवशी दुसरं कोणीतरी वाढू दे, तुमचं मत तर तुम्ही पत्रात लिहिलंच नाहीये.