रविवार हलवू नकोस

प्रिय पोरी,

परवा फुटाळ्याच्या काठावर तू विचारलंस, "काका, कॅम्पेन बंद करू का?" डंजन्स अँड ड्रॅगन्स या पात्रं होऊन गोष्ट खेळायच्या खेळातली तुमची दर रविवारी पुढं सरकणारी कथा, ती बंद? दोघं नोकरीसाठी पुण्याला गेले, एकीची परीक्षा आहे, उरलेले म्हणतात 2024 चे नवे नियम घेऊन पहिल्यापासून सुरू करू. मी तेव्हा गप्प राहिलो, कारण राग आला होता. तुझा नव्हे, माझाच. का, ते पुढे येईल.

रविवार हलवू नकोस.

तिघं आले तर तिघांना घेऊन खेळ. जो आला नाही त्याचं पात्र तापानं पडलं म्हण, पहाऱ्यावर ठेव, काहीही कर. पण सगळ्यांच्या सोयीचा दिवस शोधत बसू नकोस. तसा दिवस नसतो.

आमचं कॅम्पेन 2004 च्या उन्हाळ्यात धरमपेठेतल्या मित्राच्या वरच्या खोलीत सुरू झालं. कूलर एवढा घरघरायचा की डीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, ओरडून बोलावं लागे. पाच जणांत वीस बाजूंचा फासा एकच. नियम तिसऱ्या आवृत्तीचे, पण नकाशा आमचा: रामटेकच्या डोंगराखाली बुजलेलं भुयार, खिंडसीच्या तळाशी निजलेला ड्रॅगन. एका वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळ्या मारबतीची, रोगराई गावाबाहेर नेणाऱ्या त्या पुतळ्याची, मिरवणूक बघितली. त्याच आठवड्याच्या रविवारी आमच्या खेळातल्या एका नगरानं आपली सगळी रोगराई एका पुतळीत कोंबून ती वेशीबाहेर नेली, आणि जाळायच्या आधी पुतळी चालायला लागली. सहा वर्षं ती आमच्या मागावर होती. ठरवून असं सुचत नाही गं. दर रविवारी बसत होतो म्हणून सुचलं.

2008 मध्ये चौथी आवृत्ती आली आणि आमच्यात जुंपली. आधी कोणते नियम ते ठरवू, मग खेळू, असं मी म्हणालो. मीच. चार महिने नुसता वाद. तेवढ्यात एक जण सुटला तो सुटलाच. त्याचं कॅरेक्टर शीट, पात्राची माहिती लिहिलेला कागद, अजून माझ्या फाइलमध्ये आहे, अकराव्या लेव्हलवर, भुयाराच्या दारात उभं.

या खेळाच्या दोन जनकांपैकी एक, डेव्ह आर्नेसन, मिनेसोटात 1971 पासून ब्लॅकमूर नावाचं आपलं कॅम्पेन चालवत होता. डंजन्स अँड ड्रॅगन्सची पहिली पेटी निघाली 1974 मध्ये, हजार प्रतींची. तोवर त्याचे मित्र छापील पुस्तकाशिवायच ब्लॅकमूरच्या किल्ल्याखाली उतरत होते, नियम खेळता खेळता बदलत होते. आणि तुम्ही आवृत्तीवर अडलात! हवे तर नवे नियम घ्या. पात्रं नव्या शीटवर उतरवायला एक संध्याकाळ पुरते. ती शनिवारची घे. कथा मात्र पहिल्यापासून सुरू करायची नाही.

2008 नंतर मी रविवार कधीच हलवला नाही. एका मित्राच्या बहिणीच्या साखरपुड्यालाही नाही. तो वर्षभर माझ्याशी बोलला नाही. खेळ मोठा की मित्र, असं चौघांत ऐकवलं गेलं. मी सकाळपासून तिथं होतो, पंगतीत वाढलं, सतरंज्या उचलल्या. पाचला निघालो, कारण उमरेडहून एक जण मोटरसायकलनं येणार होता. वडील जाऊन त्याला महिना झाला होता. घरात तो कुणाशी बोलत नव्हता, आमच्या टेबलावर मात्र आपल्या पात्राच्या तोंडून बोलायचा. त्याला दार बंद दिसायला नको होतं. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, सांगण्यासारखं नव्हतंच. पण मी बरोबर होतो. आजही तेच म्हणेन.

तुझा हात चांगला आहे. त्या आंधळ्या नावाड्याचा प्रसंग तू जसा चालवलास, तसा मला वीस वर्षांत जमला नाही. असा नावाडी अर्ध्या नदीत सोडून देणार आहेस? पुण्याच्या दोघांना फोनवर घे. लाइन तुटली तर त्यांच्यासाठी थांबू नकोस. आणि उठायच्या आधी वहीत दोन ओळी लिहायच्या: कोण आलं, कुठं थांबलो.

परवाच्या रविवारी सहाला टेबल मांड. किती आले ते रात्री कळव, दोघंच आले तरी.

तुझा काका