पट ५८, शिक्षक २

प्रश्न: बाई, यंदा आम्ही पैठण तालुक्यातून छत्रपती संभाजीनगरला, मुकुंदवाडीत राहायला आलो. मुलगी तिसरीत आहे. जवळ मनपाच्या दोन मराठी शाळा आहेत, दोन्ही चौथीपर्यंत. भाच्यानं मोबाइलवर दोन्हींची यू-डायसची, म्हणजे सरकारकडं शाळांनी भरलेली माहिती काढून दिली. एकीत ५८ मुलं, २ शिक्षक. दुसरीत ११८ मुलं, ४ शिक्षक. पहिलीत गर्दी कमी, मग तीच बरी ना? गावच्या शाळेचा दाखलाही अजून हातात नाही. – एक आई

उत्तर: ताई, जरा थांबा. भागाकार करून बघा, दोन्हीकडे एका शिक्षकामागे २९-३० मुलंच येतात. शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिकला ६० मुलांपर्यंत २ शिक्षक आणि ९१ ते १२० मुलांना ४, असा हिशेब आहे. म्हणजे दोन्ही शाळा नियमात बसतात. पण पहिल्या शाळेत वर्ग चार आणि शिक्षक दोन, हे त्या माहितीत कुठं ठळक दिसत नाही.

मी अशा शाळेवर दोन वर्षं काढली. फळ्याच्या मधोमध खडूनं रेघ मारायची. डावीकडं तिसरी, उजवीकडं चौथी. चौथीची पोरं डावीकडची गणितं ओरडून सांगून मोकळी! आणि दुसऱ्या सरांना मतदारयादीच्या कामाला बोलावलं, की चारही वर्ग माझ्याच खोलीत. दोन वर्ग एकत्र छान चालवणारे शिक्षक आहेत, नाही असं नाही. पण ते बघून ठरवायचं.

दुसरं, तो पट ३० सप्टेंबरचा धरलेला असतो. तेव्हा पोरं असतात. पुढं ऊसतोडीची टोळी हलली की आईबापाबरोबर निम्मी बाकं रिकामी झालेलीही मी पाहिलीत, शहरातल्या शाळेतसुद्धा. म्हणून वर्गात जाऊन फळ्याचा कोपरा वाचा. तिथं रोज ‘पट’ आणि ‘हजर’ लिहितात. मग डोकी मोजा. खिचडीच्या सुट्टीत गेलात तर सगळंच दिसतं.

त्याच माहितीत स्वच्छतागृहाच्या रकान्यात ‘आहे’ आणि ‘वापरात आहे’ हे वेगवेगळं असतं. खरं सांगते, एका वर्षी मीच दोन्हीकडं सारखा आकडा भरला होता. मुलींच्या एका स्वच्छतागृहाला कुलूप होतं, कारण टाकीत पाणी नव्हतं. आपल्या शहरात नळाला पाणी कधी येतं, ते तुम्हाला आता कळलंच असेल. तेव्हा दार उघडून बघा, लाजू नका.

दाखल्यासाठी अडू नका. तो यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, हे त्याच कायद्यात आहे. मुख्याध्यापकांना एवढंच विचारा: तिसरीला कोण शिकवतं, आणि त्यांच्याकडं आणखी कोणता वर्ग आहे?