कॉलेजपासून बाईक चालवतोय. आता पुण्यात पैसे भरून रायडिंगचं ट्रेनिंग घेण्यात अर्थ आहे का?

हो, जरूर घ्या. लायसन्सच्या परीक्षेत मुख्यतः आठचा आकडा काढता येतो का, पाय टेकतो का हे पाहतात. अचानक जोरात ब्रेक लावायची वेळ आली तर तुमचे हातपाय काय करतात, हे तिथे कळत नाही.

ताशी ६० च्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. नवले पुलाच्या उतारावर पुढचा ट्रक थांबला की आपल्यापैकी अनेकांचा पाय आधी मागच्या ब्रेकवर जातो. पण ब्रेक लागताच वजन पुढच्या चाकावर येतं, मागचं चाक हलकं होऊन घसरतं. थांबवायची ताकद जास्त करून पुढच्या ब्रेकमध्येच असते, आणि तो झटक्याने न ओढता दाब वाढवत न्यायचा असतो. हे वाचून समजतं, पण अंगवळणी पडायला मोकळ्या मैदानात पुन्हा पुन्हा करावं लागतं, शेजारी उभं राहून चूक दाखवणारं कोणीतरी लागतं. एबीएसच्या (जोरात ब्रेक लावला तरी चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) भरवशावर हे टाळू नका. कमी सीसीच्या बऱ्याच गाड्यांत ते नसतंच.

नजरेचंही तसंच. ताम्हिणीच्या वळणावर खड्ड्याकडे बघत राहिलात तर गाडी खड्ड्यातच जाते. वेग वळणाआधी कमी करा, नजर वळण संपतं तिकडे ठेवा.

कोर्स निवडताना विचारा: सराव स्वतःच्या गाडीवर आहे का, एका प्रशिक्षकामागे किती जण? रेसट्रॅकवर गुडघा टेकवायला शिकवणारे वर्ग सध्या नकोत. हेल्मेट आयएसआय मार्कचं, पट्टा लावून; मागे बसणाऱ्यालाही.