लग्न झालेलं नाही, जन्मदाखल्यावर माझं नाव नाही. मुलीचा बाप म्हणून मला कायद्याने काय करता येईल?

तुमच्या लांबलचक प्रश्नातून मला समजलं ते असं. तुम्ही दोघं पुण्यात साधारण तीन वर्षं लग्नाशिवाय एकत्र राहिलात. मुलगी आता दीड वर्षाची आहे. खटके उडायला लागल्यावर तिची आई तिला घेऊन कराडला माहेरी गेली. जन्मदाखल्यावर वडिलांचा रकाना रिकामा आहे, भेटायला गेलात तर दारातूनच परत पाठवतात. आणि तुमचा थेट प्रश्न असा, की कोर्टातून डीएनए चाचणी करून घेतली की बाप म्हणून हक्क मिळतील ना?

मी पुण्यात कौटुंबिक दावे चालवतो. असा प्रश्न घेऊन येणारा जवळजवळ प्रत्येक जण डीएनएपासूनच सुरुवात करतो. पण कोर्ट रक्तापासून सुरुवात करत नाही. ते आधी लग्न पाहतं, मग कागद, मग तुमचं वागणं. चाचणीचा नंबर बराच नंतर लागतो, आणि बऱ्याच प्रकरणांत लागतच नाही.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, आणि सगळं तिच्यावर अवलंबून आहे. मुलीच्या जन्माच्या वेळी तिच्या आईचं दुसऱ्या कुणाशी कायदेशीर लग्न टिकून होतं का? ‘तिची सोडचिठ्ठी झाली होती’ एवढं पुरेसं नाही. ती कोर्टाच्या हुकुमाने झाली होती, की स्टॅम्प पेपरवर दोघांच्या सह्या आणि खाली नोटरीचा शिक्का, एवढंच होतं? आपल्याकडे हे दुसऱ्या प्रकारचे कागद घरोघरी सापडतात. काही समाजांत रूढीने काडीमोड चालतो आणि हिंदू विवाह कायद्याने ती रूढी राखलीही आहे, पण ती पुराव्याने सिद्ध करावी लागते. एरवी तो कागद म्हणजे घटस्फोट नव्हे.

एवढं खोदून विचारतोय, कारण 1872 च्या पुरावा कायद्याचं कलम 112 आणि 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम 116 म्हणतं: वैध लग्न टिकून असताना, किंवा ते संपल्यावर आईने पुन्हा लग्न केलेलं नसताना 280 दिवसांच्या आत मूल जन्मलं, तर ते त्या नवऱ्याचंच औरस, म्हणजे लग्नातलं कायदेशीर, मूल. हा निर्णायक पुरावा मानतात. तो मोडायचा तर गर्भ राहू शकला असता त्या काळात नवरा-बायकोला एकत्र येण्याची संधीच नव्हती, हे दाखवावं लागतं. दोघं एकाच शहरात राहत असतील तर ते फार अवघड जातं. जानेवारी 2025 मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच पुन्हा सांगितलं. तिथे तरुण मुलगा स्वतःच म्हणत होता की माझा खरा बाप दुसराच आहे, त्याची डीएनए चाचणी करा. पण जन्माच्या वेळी आईचं लग्न टिकून होतं, म्हणून कायद्याच्या लेखी बाप तो नवराच, आणि चाचणी नाकारली गेली. तुमच्या बाबतीत असं काही असेल तर पुढचं बहुतेक उत्तर तुम्हाला लागू पडणार नाही. ही गोष्ट वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा, ती लपवून पुढे जाऊ नका.

असं काही नव्हतं असं धरून, आणि तुम्हाला दोघांनाही हिंदू कायदा लागू आहे असं धरून पुढे लिहितो. मुस्लिम व्यक्तिगत कायद्यात लग्नाबाहेरच्या संततीचे नियम वेगळे आहेत, त्यात इथे शिरत नाही.

आणखी एक. आळंदीला जाऊन हार घातले होते का? हसू नका, मी हे प्रत्येकाला विचारतो. ‘लग्न केलं नाही’ म्हणणाऱ्या अनेकांनी कुठल्या तरी देवळात किंवा कार्यालयात विधी केलेले असतात, फक्त नोंदणी केलेली नसते. हिंदू लग्न विधींनी होतं, नोंदणी हा त्याचा पुरावा. सप्तपदी झाली असेल आणि दोघंही लग्नाला मोकळे असतील, तर मघाचं कलम 116 तुमच्याच बाजूने उभं राहतं. आणि लग्न काही कारणाने अवैध ठरलं तरी हिंदू विवाह कायद्याच्या कलम 16 मुळे मूल औरसच राहतं. मात्र लग्न झालंच नसेल तर कलम 16 मदतीला येत नाही. फोटो, पावती, भटजी, साक्षीदार, जे असेल ते शोधा.

आता जन्मदाखला. जन्माची माहिती बहुतेक वेळा हॉस्पिटलच पाठवतं. 21 दिवसांची मुदत असते, डिस्चार्जच्या गडबडीत कुणीतरी फॉर्म भरतं आणि आई जे सांगेल ते त्यात जातं. तिने वडिलांचं नाव दिलं नसेल तर ते बेकायदा नाही. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की अविवाहित आईला पालकत्वाच्या अर्जात बापाचं नाव उघड करण्याची सक्ती नाही, त्याला नोटीस देण्याचीही नाही, आणि तिच्या प्रतिज्ञापत्रावर जन्मदाखला मिळाला पाहिजे. मला हा निकाल पटतो. पळून गेलेल्या पुरुषांच्या मागे सही मागत फिरणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. तुमच्यासारखा न पळालेला पुरुष त्यात भरडला जातो हेही खरं, पण कायदा करताना कोण जास्त आहेत ते बघावं लागतं.

नाव नंतर घालता येतं. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा 1969 चं कलम 15 दुरुस्तीसाठी आहे. त्यात मूळ नोंद खोडत नाहीत. निबंधक समासात दुरुस्ती लिहून सही आणि तारीख टाकतो. दोघांनी मिळून अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं दिलीत तर काम मार्गी लागण्याची शक्यता चांगली. तुम्ही एकटे खिडकीवर गेलात तर ‘कोर्टाचा हुकूम आणा’ हे उत्तर मिळेल, आणि ते त्यांचं बरोबर आहे. हे लांबणीवर मात्र टाकू नका. 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून पुढच्या सगळ्या कामांना जन्मदाखला हाच मुख्य कागद झाला आहे. महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या स्वतःच्या नावापुढे सरकारी कागदांवर आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव असं लिहितात. शाळेत एकदा एका पद्धतीने नाव लागलं की ते बदलण्याच्या खेपा तुमच्या मुलीला घालाव्या लागतील.

कोर्टात जायच्या आधी फाइल तयार करा. सोनोग्राफीच्या वेळी नातेवाईक म्हणून तुम्ही केलेल्या सह्या, बाळंतपणाचं बिल तुमच्या खात्यातून गेलेलं, लसीकरणाचं कार्ड, दोघांच्या नावावरचा भाडेकरार, बारशाचे फोटो, तिचे ‘तुझी लेक आज पालथी पडली’ असले मेसेज. हे मेसेज पुसू नका. फोन बदलणार असाल तर जुना जपून ठेवा, कारण इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि मूळ फोन हाताशी असलेला बरा. नुसते स्क्रीनशॉट काढून प्रिंट आणणारे रोज भेटतात.

आणि पैसे पाठवायला लागा. आजपासून, दर महिन्याला, बँकेतून, मुलीच्या नावाचा उल्लेख करून. परत आले तरी पाठवा. बाप म्हणून तुमचे हक्क कायद्यात पातळ आहेत, जबाबदारी मात्र पूर्ण आहे: पोटगीचं कलम (पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं 125, आता नागरिक सुरक्षा संहितेचं 144) औरस-अनौरस असा भेद करत नाही. उद्या तिने मुलीच्या पोटगीचा अर्ज टाकला तर घाबरू नका. त्या अर्जात ती तुम्हालाच बाप म्हणणार आहे, आणि तुम्हाला नेमकं तेच कागदावर हवं आहे. इथे एक धोका आहे. काही वकील सवयीने उत्तरात ‘सदर अपत्य जाबदेणार यांचे नाही’ (जाबदेणार म्हणजे तुम्ही) असं वाक्य टाकून देतात, पैसे वाचतील म्हणून. सही करण्याआधी प्रत्येक ओळ वाचा. ते वाक्य एकदा शपथेवर गेलं की भेटीच्या अर्जात समोरचा वकील तेच वाचून दाखवेल.

आता ताबा आणि भेट. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा 1956 च्या कलम 6 नुसार लग्नाबाहेरच्या मुलाची नैसर्गिक पालक आई, आणि तिच्यानंतर बाप. शिवाय पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सहसा आईकडेच राहतो, हे धोरण कोर्टं पाळतात. तेव्हा ‘मुलगी माझ्याकडे द्या’ असा दावा आत्ता लावणं म्हणजे हरायला जाणं, आणि वर समोरच्यांना घाबरवून अजून आवळायला लावणं. मागायचा आहे तो तुम्हीच बाप आहात असं जाहीर करणारा कोर्टाचा हुकूम आणि भेटीचा हक्क. पालक व पाल्य कायदा 1890 खाली नातेवाईकच काय, स्नेहीसुद्धा अर्ज करू शकतो, त्यामुळे ‘तुमचा संबंध काय’ म्हणून तुम्हाला दारातच अडवता येणार नाही. फक्त तो अर्ज पुण्यात चालणार नाही. मूल जिथे राहतं तिथल्या कोर्टाला अधिकार असतो, म्हणजे सातारा जिल्हा. कुटुंब न्यायालय असेल तिथे ते, नसेल तिथे जिल्हा न्यायालय. मुख्य अर्जाचा निकाल लागेपर्यंत अंतरिम भेटीचा अर्ज सोबतच द्या.

पहिल्या हुकुमात काय मिळतं याची कल्पना ठेवा: महिन्यातले एक-दोन शनिवार, तास-दोन तास, कोर्टाच्या आवारातच, मुलांच्या खोलीत. तिथल्या बुटक्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन बसलेले बाप मी बघतो. कुणी बॅटरीवर चालणारी मोठी गाडी घेऊन येतो, पोरगं तिच्या आवाजाने घाबरून आईच्या ओढणीत शिरतं, आणि बापाला वाटतं हे हिने शिकवलंय. दीड-दोन वर्षांचं मूल काही महिने न दिसलेल्या माणसाला ओळखत नाही, त्यात शिकवणूक लागत नाही. तिच्या ओळखीची एखादी जुनी वस्तू न्या, खाली जमिनीवर बसा, उचलून घ्यायची घाई करू नका. आई बाजूला बसली तर बसू द्या. समुपदेशक लांबून बघत असतात, आणि भेटी वाढवायच्या की नाही हे ठरताना त्यांचं म्हणणं कामाला येतं.

कराडला चार मित्र घेऊन जाऊ नका. मुलीला ‘फिरवून आणतो’ म्हणून पुण्याला आणू नका. तसं केलंत की प्रकरण पोलिसांकडे आणि तिथून उच्च न्यायालयात, आणि त्यानंतर कुठलाही न्यायाधीश तुम्हाला एकट्याला तिच्यासोबत सोडायला धजणार नाही.

राहिली डीएनए. समोरच्या बाजूने ‘हा बापच नाही’ असा पवित्रा घेतला तरच तो अर्ज द्या. 1993 पासून सर्वोच्च न्यायालय सांगत आलंय की रक्ताची चाचणी मागितली म्हणून मिळत नाही, प्रथमदर्शनी भक्कम कारण लागतं. फेब्रुवारी 2023 मध्ये, पुण्यातून सुरू झालेल्या प्रकरणातच, न्यायालयाने मुलाचा खासगीपणा मध्यभागी ठेवला आणि आईबापांच्या भांडणासाठी त्याला चाचणीला उभं करू नका असं बजावलं. याच्या उलट बाजूचा 2014 चा निकाल आहे, नागपूर खंडपीठातून वर गेलेला: तिथे चाचणी आधीच झालेली होती, अहवाल नवऱ्याच्या बाजूने, म्हणजे तो बाप नसल्याचा होता, आणि न्यायालयाने ‘लग्नात जन्मलं ते नवऱ्याचंच’ या गृहीतकापेक्षा विज्ञानाला वजन दिलं. तुमच्या बाबतीत लग्नाचं गृहीतक आड येत नसेल तर अर्जात दम आहे. हुकूम झाल्यावरही समोरच्याने नकार दिला तर कोर्ट त्यातून प्रतिकूल अनुमान, म्हणजे नकार देणाऱ्याच्या विरुद्ध निष्कर्ष, काढू शकतं. पण चोरून केस किंवा लाळ घेऊन खासगी लॅबचा अहवाल आणू नका. नमुना कुणाचा, कुणी घेतला, हे सिद्ध होत नाही, आणि मुलीच्या अंगावरून चोरून काही घेणारा माणूस अशीच तुमची पहिली ओळख कोर्टाला होते.

शेवटचं, जे तुम्ही विचारलेलंच नाही. लग्न नसेल तर हिंदू उत्तराधिकार कायद्यात मूल फक्त आईशी नातं असलेलं धरलं जातं. उद्या तुम्हाला काही झालं तर मृत्युपत्राशिवाय मुलीला तुमच्या मालमत्तेतून काही मिळवायला लढावं लागेल, आणि समोर तुमचेच भाऊ-बहीण असतील. साध्या कागदावरचं मृत्युपत्रही चालतं, दोन साक्षीदार लागतात, नोंदणी केलीत तर उत्तम. त्यात ‘माझी मुलगी’ असं तिचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख लिहा. विमा आणि पीएफला नॉमिनी लावा, पण नुसत्या नॉमिनीवर विसंबू नका, नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. हे सगळं करायला तिच्या आईची सही लागत नाही, सातारच्या तारखेची वाटही बघावी लागत नाही.