जुनी ई.एस.-३३५ : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : न्यू जर्सीत राहतो. इथे एक गिब्सन ई.एस.-३३५ इलेक्ट्रिक गिटार विकायला आहे. मालकाच्या म्हणण्याप्रमाणे १९६४ ची, सगळे भाग मूळचे. आतल्या नारिंगी लेबलावर क्रमांक आहे. तेवढ्यावर भरवसा ठेवावा का?

उत्तर : नाही. गिब्सनने साठच्या दशकात तेच क्रमांक पुन्हा वापरले, त्यामुळे एकाच क्रमांकाच्या, वेगवेगळ्या सालांतल्या गिटारी सापडतात. आधी नट, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाची तारा पेलणारी खाचांची पट्टी, मोजा. १९६४ पर्यंत रुंदी साधारण ४३ मिलिमीटर भरते. १९६५ मध्ये ती ४० च्या आसपास आली. मग टेलपीस, म्हणजे तारांची खालची टोकं अडकवायचा भाग, पाहा. आधी तो गिटारच्या पोटावर दोन जाड खुंट्यांवर बसवलेला असे. १९६५ च्या सुमारास खालच्या कडेला अडकवलेला, ट्रॅपीझ नावाचा टेलपीस आला. पुढे अनेकांनी ट्रॅपीझ काढून खुंट्या बसवून घेतल्या. म्हणून पट्ट्याच्या बटणाभोवती बॅटरी तिरपी धरून पाहा. बुजवलेली स्क्रूची भोकं दिसली, तर १९६४ चा भाव अजिबात देऊ नका.

एफ-होलमधून (पोटावरच्या f आकाराच्या फटीतून) छोटा आरसा आत घालून पॉटवरचे (नॉबखालच्या, आवाज कमी-जास्त करणाऱ्या भागावरचे) आकडेही वाचा. उदाहरणार्थ १३७६४२९ : १३७ म्हणजे पॉट बनवणारी सीटीएस कंपनी, ६४२९ म्हणजे १९६४ सालचा २९वा आठवडा. पॉट मूळचा असेल तर गिटार त्याआधीची असूच शकत नाही.

पुढे भारतात आणणार असाल तर फ्रेटबोर्डचं (मानेवर तारा दाबतो त्या पट्टीचं) लाकूड महत्त्वाचं. त्या काळी ते ब्राझिलियन रोझवूड असे आणि ते १९९२ पासून साइट्सच्या (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) पहिल्या, सर्वांत कडक परिशिष्टात आहे. इतर रोझवूडच्या तयार वाद्यांना २०१९ मध्ये मिळालेली सूट याला लागू नाही. परवान्याची कागदपत्रं आधी, पैसे नंतर.

प्रश्न : नॉब फिरवला की खरखर येते, जॅकही (केबल खुपसायची जागा) सैल आहे. सगळं वायरिंग नवीन करू का?

उत्तर : कृपया नको! मूळ सोल्डरला हात लागला की तो परत मिळत नाही. खरखर बहुतेकदा पॉटमधल्या धुळीची असते. पॉटच्या तीन पायांजवळ फट असते. नळीच्या टोकाने तिथे थोडासाच कॉन्टॅक्ट क्लीनर (विजेचे जोड साफ करायचा स्प्रे) सोडा आणि नॉब वीस-तीसदा पूर्ण फिरवा. नॉब काढायचाच असेल तर खाली सुती कापडाची पट्टी सरकवून वर ओढा. स्क्रूड्रायव्हरने उचकटलात तर लॅकरवर, म्हणजे लाकडावरच्या चकचकीत थरावर, खड्डा पडतो.

जॅकचा नट नुसता पान्याने आवळला की आतला जॅकही सोबत फिरतो, आतल्या वायरी पिळवटतात आणि सोल्डरचा डाग सुटतो. जॅकच्या भोकात निमुळती लाकडी काडी घट्ट बसवून जॅक धरा, मग नट आवळा.

प्रश्न : मुंबईत लॅकरवर बारीक तडे दिसतात. पुन्हा पॉलिश करून घेऊ?

उत्तर : तडे लॅकरचे आहेत, लाकडाचे नाहीत, नवं पॉलिश केलंत तर किंमत मोठ्या प्रमाणात घसरेल. तडे वाढतात ते तापमान एकदम बदलल्याने. एसीच्या थेट झोतात ठेवू नका, प्रवासातून आल्यावर गिटारची केस (पेटी) काही तास बंदच ठेवा. पावसाळ्यात केसमध्ये सिलिका जेल आणि आर्द्रतामापक ठेवून ४५ ते ५५ टक्के राखा. स्टँडच्या रबराला सुती कापड गुंडाळा, नाहीतर या गिटारींवरचं नायट्रो (नायट्रोसेल्युलोज) लॅकर तिथे मऊ होऊन चिकटतं.