फ्रीझरमध्ये बर्फ होतो, पण खालचा कप्पा गार होत नाही: घरी काय दुरुस्त करता येईल?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: दोन दारांच्या फ्रॉस्ट-फ्री फ्रिजच्या वरच्या फ्रीझरमध्ये बर्फ व्यवस्थित होतो, परंतु खालच्या कप्प्यात ठेवलेले पदार्थ दिवसभरात खराब होऊ लागले आहेत, दुरुस्ती करणाऱ्याने न पाहताच, फोनवर, ‘गॅस संपला असेल, भरावा लागेल’ असे सांगितले आहे, तर त्याआधी घरच्या घरी काही करून पाहता येईल का? माझे उत्तर असे की करता येईल, आणि आपण दिलेल्या वर्णनावरून गॅसचा दोष असण्याची शक्यता मला तरी कमी वाटते. हा माझा व्यवसाय नाही, पण घरातली आणि नातेवाइकांकडची उपकरणे उघडून पाहण्याची जुनी आवड आहे. त्या अनुभवावरून सांगतो की फ्रिजच्या बाबतीत सुटा भाग विकत आणणे हे सर्वांत शेवटचे काम असते आणि दोष नेमका कुठे आहे हे ठरवणे हे खरे काम असते.

आधी रचना समजून घ्यावी. आपल्या प्रकारच्या फ्रिजमध्ये गारवा तयार करणारी कॉइल बहुधा एकच असते आणि ती फ्रीझरच्या मागच्या प्लॅस्टिकच्या पडद्याआड बसवलेली असते. तिच्यावरून एक छोटा पंखा हवा फिरवतो; त्या हवेतला मोठा वाटा फ्रीझरला मिळतो आणि उरलेली हवा एका नळकांड्यातून, डॅम्पर नावाच्या झडपेमधून, खालच्या कप्प्यात उतरते. म्हणजे खालच्या कप्प्याला स्वतःचा असा गारवा नसतोच. फ्रीझर उणे १८ अंश सेल्सिअसच्या आसपास असेल आणि खाली मात्र १२-१५ अंश असतील, तर गारवा तयार होत आहे, तो खाली पोहोचत नाही, असा सरळ अर्थ निघतो. राहिला गॅस. तो बंद नळीत फिरत राहतो, गाडीतल्या पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता नुसता गॅस भरणे म्हणजे काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी त्याच जागी परत येणे. मात्र गॅस थोडाच कमी झालेला असतानाही फ्रीझर काही काळ तग धरतो आणि खालचा कप्पा आधी तापतो, त्यामुळे नुसत्या लक्षणावरून निकाल देऊ नये.

काहीही उघडण्यापूर्वी बाहेरून होण्यासारख्या गोष्टी उरकून घ्याव्यात. खालच्या कप्प्याच्या मधल्या फळीवर पाण्याच्या पेल्यात थर्मामीटर रात्रभर ठेवून सकाळी पाहावे. हवेतले तापमान दार उघडताच बदलते, पाण्यातले बदलत नाही. ३ ते ४ अंश असतील तर फ्रिज ठीक आहे. हवा येण्याच्या जाळीसमोर सामान दाटून ठेवलेले नाही ना, हे पाहावे. दाराच्या रबरात कागदाची पट्टी धरून दार बंद करावे आणि पट्टी ओढावी. ती चारही बाजूंना किंचित अडखळत निघाली पाहिजे. एखाद्या जागी सहज निघत असेल तर रबर कोमट साबणपाण्याने पुसावे, आणि वाकलेले असेल तर केस वाळवायच्या ड्रायरने अंतर राखून गरम करून हाताने आकारात आणावे; बहुतेक वेळा नवीन रबर लागत नाही. दार लावल्यावर आतला दिवा विझतो की नाही, हे मोबाइलवर चित्रण सुरू करून तो आत ठेवल्यास कळते. मागे किंवा तळाशी उघडी कंडेन्सर कॉइल, म्हणजे आतली उष्णता बाहेर टाकणारी नळी, असेल तर प्लग काढून ब्रशने तिच्यावरची धूळ काढावी. अनेक नव्या फ्रिजमध्ये ही कॉइल बाजूच्या पत्र्याच्या आत असते, त्यामुळे बाजू गरम लागणे हा तिथे दोष नसतो.

आणखी एक गोष्ट इथेच सांगतो, कारण तिच्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. अनेक दोनदारी फ्रिजमध्ये एक बटण कॉम्प्रेसर किती चालायचा हे ठरवते आणि दुसरे बटण हवेची वाटणी ठरवते. फ्रीझरमधले बटण वाटणीचे असेल आणि कुणी ते ‘जास्तीत जास्त गार’ या खुणेवर फिरवून ठेवले असेल, तर खाली जाणारी हवा कमी होते आणि आपल्यासारखीच तक्रार उभी राहते. ते बटण मध्यावर आणून एक पूर्ण दिवस वाट पाहावी.

एवढ्याने फरक पडला नाही तर मागचा पडदा उघडावा लागेल. प्लग भिंतीतून काढावा. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. फ्रिजला हात लावल्यावर पूर्वी कधी झिणझिण्या आल्या असतील तर अर्थिंग आणि वायरिंग तपासून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. पडद्याचे स्क्रू बहुधा प्लॅस्टिकच्या लहान टोप्यांखाली दडलेले असतात. थंडीने प्लॅस्टिक ठिसूळ होते, म्हणून दार उघडे ठेवून ते थोडे उबदार होऊ द्यावे आणि मगच पडदा ओढावा. तो बर्फाने आतून चिकटला असेल तर जोर लावू नये. वायरींची जोडणी सोडण्याआधी फोटो काढून ठेवावा. कॉइलच्या ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांच्या कडा धारदार असतात, हातमोजे घालावेत. मात्र उघडण्याआधी बर्फ पूर्ण वितळू देऊ नका. निदान त्या बर्फातच आहे.

पडदा निघाल्यावर सहसा तीनपैकी एक दृश्य दिसते. पहिल्यात संपूर्ण कॉइल पांढऱ्या, घट्ट, कधी कधी पाती दिसेनाशी होतील इतक्या जाड बर्फाने सारखी भरलेली असते. याचा अर्थ गॅस व्यवस्थित फिरतो आहे, पण ठरावीक वेळाने बर्फ वितळवणारी डिफ्रॉस्टची यंत्रणा बंद पडली आहे आणि बर्फाने हवेची वाट अडवली आहे. दुसऱ्यात कॉइलच्या सुरुवातीच्या एक-दोन वेटोळ्यांवरच बर्फाचा गोळा असतो आणि उरलेली नळी कोरडी, उघडी दिसते. कॉम्प्रेसर चालू असूनही असे दिसत असेल तर गॅस कमी आहे किंवा नळीत कुठे अडथळा आहे, आणि तिथे घरगुती दुरुस्ती थांबते. तिसऱ्यात कॉइलवर सर्वत्र पातळ, सारखे दव गोठलेले असते, म्हणजे कॉइलमध्ये दोष नाही; मग पंखा आणि डॅम्पर यांच्याकडे वळावे. फोनवर गॅसचे निदान करणाऱ्याने यांपैकी काहीच पाहिलेले नसते, एवढेच मला म्हणायचे आहे.

आपल्याकडे पहिले दृश्य दिसेल असा माझा अंदाज आहे. त्यासाठी आधी बर्फ उतरवावा: प्लग काढून दोन्ही दारे उघडी ठेवून २४ तास थांबणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग. घाई असेल तर गरम पाण्याचे भांडे फ्रीझरमध्ये ठेवावे. सुरी, स्क्रू ड्रायव्हर किंवा कोणतीही टोकदार वस्तू बर्फाला लावू नये. कॉइलची नळी पातळ असते, तिला सूक्ष्म छिद्र पडले तरी साध्या दुरुस्तीचे काम महागड्या दुरुस्तीत बदलते, आणि चांगले फ्रिज याच कारणाने भंगारात गेलेले मी पाहिले आहेत. बर्फ वितळल्यावर कॉइलखालच्या पन्हळीतले छिद्र तपासावे. वितळलेले पाणी या छिद्रातून नळीने मागे, कॉम्प्रेसरवरच्या तबकात जाते आणि तिथल्या उष्णतेने उडून जाते. छिद्र तुंबले असेल तर पाणी तिथेच गोठते किंवा खालच्या कप्प्याच्या तळाशी साचते. मोठ्या सिरिंजने कोमट पाणी सोडून ते मोकळे करावे आणि पाणी मागच्या तबकात पडल्याचा आवाज येतो का, ते ऐकावे.

यानंतर मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट आणि ओम मोजणारे छोटे मीटर, लागेल. डिफ्रॉस्टमध्ये मुख्यतः हीटर, त्याच्या मालिकेत जोडलेला थर्मल फ्यूज, आणि कॉइलवर क्लिपने बसवलेला बायमेटल थर्मोस्टॅट (तापमानानुसार आपोआप जुळणारे-तुटणारे स्विच) किंवा सेन्सर असतो. प्लग काढलेला असताना हीटरचा प्रतिकार मोजावा; २३० व्होल्टवर चालणारा १५० वॉटचा हीटर सुमारे ३५० ओम दाखवेल, वॉट जास्त असेल तर ओम कमी. मीटरने काहीच दाखवले नाही तर हीटर तुटला आहे. थर्मल फ्यूज कोणत्याही तापमानाला जवळपास शून्य ओम दाखवला पाहिजे. बायमेटल मात्र खोलीच्या तापमानाला मीटरवर तुटलेला दिसतो आणि तो तसाच दिसायला हवा. अनेक जण इथे फसतात आणि चांगला भाग बदलतात. शून्याच्या बरेच खाली गेल्यावरच तो जुळतो. तो भाग प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बर्फ आणि मीठ यांच्या मिश्रणात दहा-पंधरा मिनिटे ठेवावा, कारण त्या मिश्रणाचे तापमान नुसत्या बर्फाच्या पुष्कळ खाली उतरते, आणि मग मोजावे. त्याच्या जागी सेन्सर असेल तर त्याचा प्रतिकार थंडीत वाढत गेला पाहिजे. फ्यूज जळालेला आढळला तर त्याची दोन टोके वायरने जोडून काम चालवण्याचा सल्ला आपल्याला कुणीतरी नक्की देईल. तो मानू नका: हीटर बंद व्हायचा राहिला तर प्लॅस्टिकला आग लागण्यापासून अडवणारा शेवटचा भाग तोच असतो.

पंख्याची परीक्षा सोपी आहे. दार उघडले की अनेक फ्रिजमध्ये पंखा थांबतो, म्हणून दाराचे स्विच बोटाने दाबून धरावे आणि ऐकावे. डिफ्रॉस्ट सुरू असतानाही तो थांबलेला असतो, तेव्हा थोड्या वेळाने पुन्हा ऐकावे. पाती बर्फात अडकली असतील तर खरखर येते. प्लग काढल्यावर बोटाने मोकळी फिरतात पण चालू केल्यावर हलत नसतील, तर मोटर किंवा तिला येणारा पुरवठा तपासावा लागतो. नवी मोटर घेताना जुनीवरचा व्होल्टेज वाचून घ्यावा, कारण काही पंखे थेट मुख्य पुरवठ्यावर चालतात तर काही १२ व्होल्टच्या डीसीवर. डॅम्परची झडप बर्फाने चिकटल्याचे अनेकदा आढळते आणि बर्फ वितळला की ती आपोआप सुटते.

मागे कॉम्प्रेसरपाशी दर काही मिनिटांनी ‘टक्’ असा आवाज येऊन तो सुरूच होत नसेल, तर तो वेगळा आजार आहे. तिथे बहुधा रिले (कॉम्प्रेसर सुरू करून देणारा) आणि ओव्हरलोड (तो फार तापल्यास पुरवठा तोडणारा) हे बाहेरून लावलेले भाग असतात. काढलेला रिले कानाजवळ हलवून आत तुकडे खुळखुळत असतील तर तो गेला. मात्र इन्व्हर्टर कॉम्प्रेसर असेल तर त्याच्या बोर्डाला हात लावू नये. त्यातल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही ३०० व्होल्टच्या आसपासचा भार काही काळ उरू शकतो.

नळी कापणे, झाळणे आणि गॅस भरणे ही कामे घरी मुळीच करू नयेत. मागच्या पट्टीवर आर-६००ए असे लिहिले असेल तर आत आयसोब्युटेन आहे, म्हणजे ज्वलनशील वायू. घरगुती फ्रिजमध्ये तो सहसा १०० ग्रॅमच्या आतच असतो, परंतु हवेत त्याचे प्रमाण सुमारे १.८ टक्के झाले तरी पेट घेण्यास पुरते, आणि हवेच्या दुपटीने जड असल्याने तो जमिनीलगत साचतो. चुकून नळी फुटून फुसकारा ऐकू आला तर विजेचे कोणतेही बटण न दाबता खिडक्या उघडाव्यात आणि ज्योत दूर ठेवावी. कारागिराला बोलावलेच तर दुसऱ्या दृश्याचा फोटो दाखवून गळती कुठे आहे, हे आधी विचारावे. नळी उघडल्यावर फिल्टर ड्रायर (नळीतला ओलावा आणि कचरा अडवणारा भाग) बदलणे, व्हॅक्यूम पंपाने नळीतली हवा पूर्ण ओढून घेणे आणि गॅस वजनकाट्यावर मोजून भरणे, या तिन्ही गोष्टी आपल्यासमोर व्हायला हव्यात.

सर्व पुन्हा जोडून फ्रिज सुरू केल्यावर एक दिवस तरी तापमानाबद्दल मत बनवू नये. हीटर, फ्यूज आणि बायमेटल चांगले निघाले, बर्फ उतरवल्यावर खालचा कप्पा छान गार झाला, आणि आठवडा-पंधरवड्यात तो पुन्हा तापू लागला, तर संशय डिफ्रॉस्टची वेळ ठरवणाऱ्या टायमरवर किंवा त्याच्या जागी असलेल्या इलेक्ट्रॉनिक बोर्डावर येतो. जुन्या प्रकारचा टायमर असेल तर त्याची खाच स्क्रू ड्रायव्हरने सावकाश फिरवावी. ‘टक्’ होऊन कॉम्प्रेसर थांबला पाहिजे आणि कॉइल गार असेल तर हीटर काही मिनिटांत तापला पाहिजे. तसा तो तापला, पण एरवी टायमर स्वतःहून पुढे सरकत नसेल, तर तेवढा टायमर बदलावा. बोर्ड असलेल्या फ्रिजमध्ये डिफ्रॉस्ट हाताने सुरू करण्याची रीत मॉडेलनुसार बदलते आणि तिची माहिती अनेकदा मागच्या झाकणाआड चिकटवलेल्या कागदावर असते. तो कागद फाडून टाकू नये.